फाटकाचं पॅकेज

मूर्तिजापूर,
१७ डिसेंबर २०१७

प्रिय विपुल,

सलाम. आम्ही सगळे बरे आहोत, तूही पुण्यात बरा असशीलच. पत्ता गोदाकाकूंकडून घेतला. "काहून रे नईम, त्याचा फोन नाई लागत का तुले?" असं त्यांनी विचारलं. फोन लागतो, तो उचलत नाही, हे तुझ्या आईला कोणत्या तोंडानं सांगू? नंबर हरवला म्हणालो.

इकडे बोंडअळीनं यंदा कापूस खाल्ला. खेड्यांतली पोरं क्लासला येईनाशी झाली, म्हणून कॉम्प्युटरचा क्लास बंद केला. आता दुकानात झेरॉक्स काढतो, पीकविम्याचे अर्ज भरून देतो. सगळे कॉम्प्युटर विकले, एक तेवढा ठेवला.

कामाचं बोलतो. तुझ्या टूलची नवी आवृत्ती मी कौतुकानं उतरवून घेतली. रेल्वेच्या त्या सिम्युलेटरला, पडद्यावर गाडी चालवायच्या खेळाला, लोक बाहेरून पॅकेजं जोडतात, कुणी इंजिन, कुणी स्टेशन, कुणी अख्खा मार्ग. ती सगळी एका खिडकीत दाखवणारं, हवं ते चालू आणि नको ते बंद करणारं टूल माझ्या दोस्तानं बनवलंय, हे मी इथं येईल त्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगत होतो. नवी आवृत्ती सुरू झाली आणि तिनं आधी साफसफाई केली. 'शकुंतला फाटक : सदोष पॅकेज, काढून टाकले.' विचारलंसुद्धा नाही.

सदोष! अरे, ते आपण दोघांनी बनवलं होतं. शकुंतलेच्या, आपल्या त्या छोट्या गाडीच्या, फाटकांवर वेगळा माणूस नसायचा. गाडी फाटकाअलीकडे थांबायची, गार्ड खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, मग तो फाटक उघडून पळत येऊन शेवटच्या डब्यात चढायचा. माझ्या अब्बांची, अब्दुल गफ्फार गार्डची, सारी नोकरी या चढउतारीत गेली. त्यांना मोबाइलसमोर चालायला लावून आपण पडद्यावरचा गार्ड बनवला. आवाजही त्यांचाच घेतला, "सरका बाप्पा, गाडी येऊन राह्यली!" तेव्हा ते इतके लाजले, की चहा पाजून तू त्यांना पुन्हा उभं केलंस.

आता परदेशातल्या कुणीतरी तक्रार केली म्हणे, की या मार्गावर गाडी अडकते आणि एक म्हातारा विनाकारण खाली उतरतो. त्याला काय कळणार? पण तू? तू त्याच गाडीनं अचलपूरला मामाकडे जायचास, अब्बा तुला गार्डच्या डब्यात बसवायचे. ती गाडीच तशी चालायची हे तुला ठाऊक होतं. मी तुझ्या टूलच्या पानावर हे सगळं लिहिलं, तर 'समस्या सोडवली' असा शेरा मारून तू तक्रार बंद केलीस. एवढा मोठा साहेब झालास? माझ्याकडची प्रत तुझ्या टूलनंच पुसली. मूळ फायली तुझ्याकडे आहेत, कारण तेव्हा चांगला कॉम्प्युटर तुझ्याकडेच होता.

वर लिहिलंय की आम्ही बरे आहोत. खोटं आहे ते.

गाडी बंद पडली आणि अब्बा विसरत गेले. आधी नमाजची वेळ, मग आपली गल्ली, मग अम्मी. अकोल्याचे डॉक्टर झाले, अमरावतीचे झाले. पण संध्याकाळी दुकानात त्या एका कॉम्प्युटरसमोर बसवलं, गाडी फाटकाशी थांबली आणि पडद्यावरचे अब्बा खाली उतरले, की बाकावरचे अब्बा सावरून बसायचे. "देख नईम, फाटक बराबर लगाया," म्हणायचे. मला नईम म्हणायचे, विपुल. दिवसातून तेवढाच वेळ मी त्यांचा मुलगा असायचो.

तुझी नवी आवृत्ती आली त्या दिवशी गाडी न थांबता फाटकातून निघून गेली. अब्बा उठून ओरडले, "अरे, फाटक खुला है! रोको!" मी गाडी थांबवली, पण उतरायला माणूसच नव्हता. त्यांनी माझी कॉलर धरली आणि विचारलं, तू कौन है बे? दुकानातली माणसं बघत होती. तेव्हापासून ते दुकानात येत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, आणि मला तुझा राग राग येतो.

यापुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. परवा जेवण घेऊन त्यांच्याकडे गेलो. बराच वेळ माझ्याकडे पाहून ते हसले. "विपुल? कवा आला बाप्पा? बैस, बैस." घरात अब्बा माझ्याशी जन्मात कधी मराठीत बोलले नव्हते. मी म्हटलं, "आत्ताच आलो, चाचा." त्या दिवशी ते पोटभर जेवले. काल पुन्हा विपुल, आज पुन्हा विपुल. तुझ्या आईची चौकशी करतात, पुण्यात जेवायचे हाल होतात का विचारतात. नईम कुठे आहे, असं एकदाही विचारलं नाही.

फायली पाठव. माफी नको, नवी आवृत्ती नको. पाठवणार नसशील तर तेही सरळ कळव, म्हणजे मी वाट बघणं सोडीन.

सध्या या घरात तुझ्या नावाला ओ देणारा,
नईम