ट्रॅक्टरच्या नाकावर माझं मशीन

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. शेडमध्ये जाऊन आले. उद्या तुमचा म्हातारा ट्रॅक्टर वजन ओढायच्या स्पर्धेत उतरणार, म्हणून त्याच्या नाकावर भार हवा. विकतचा परवडत नाही, कबूल. पण माझ्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड? तोही तारेने बांधलेला? विचारायला तोंड नव्हतं? मागच्या वर्षी पुढची चाकं हवेत गेली आणि तुम्ही जमिनीवर आलात, ते विसरलात वाटतं. ट्रॅक्टर चालू करायचं हँडल मी सोबत नेलंय. वेल्डरला घेऊनच येते. तोवर शेडभोवती घिरट्या घालू नका. स्टँड पक्का जोडल्याशिवाय मैदानात जायचं नाही. कपड्यांना टाके मी हातानेही घालीन. तुमच्या डोक्याला पुन्हा टाके पडताना दवाखान्याच्या बाकावर बसणार नाही.