परत पाठवलेला लॉट

आबा,

काल शिरोलीच्या फाउंड्र्यांवरून गेले. तोच जळक्या वाळूचा वास. तुम्ही कामावरून आलात की आई मोरीकडं बोट दाखवायची, आणि तुम्ही मुद्दाम तसेच चुलीपाशी बसून चहा मागायचात. मला पुण्याच्या मोठ्या गाडी कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली, तेव्हा फाउंड्रीतल्या एकेकाला थांबवून तुम्ही ते सांगितलंत. काय खूश होतात!

मग माझ्या पहिल्याच ड्रॉइंगचं काम नेमकं तुमच्या फाउंड्रीत आलं. गिअरबॉक्सचं कव्हर. माल खराब येतोय म्हणून कंपनीनं मलाच बघायला पाठवलं. कापलेलं प्रत्येक कव्हर आत एकाच जागी पोकळ. मालक शेजारी उभे आहेत, आणि मी साहेबी आवाजात विचारते, हे साचे कोणी भरले? जसं काही मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही हात पुसत पुढं येता.

"म्या भरल्यात, मॅडम."

मॅडम! पोटच्या पोरीला. मग ड्रॉइंगवर बोट ठेवून शांतपणे म्हणालात, "हितं जाड हाय, आन् लगेच पातळ. जाड मागनं गार हुतंय, आत पोकळ ऱ्हाणारच की. साच्याचा दोष न्हाय ह्यो."

मालक हसले. मला राग आला, लाजही वाटली. रिपोर्टात मी 'कामगाराची चूक' लिहिलं आणि अख्खा लॉट परत पाठवला. मालकांनी तुम्हाला साच्यांवरून काढून वाळू चाळायला बसवलं. तीस वर्षं साचे भरलेल्या माणसाला! निवृत्त होईपर्यंत तुम्ही तेच केलंत. घरी चकार शब्द नाही. उलट पाव्हण्यांना सांगायचात, आमची पोरगी लई कडक हाय.

सहा महिन्यांनी दुसऱ्या फाउंड्रीतूनही तशीच पोकळ कव्हरं आली. मी गुपचूप ड्रॉइंगमध्ये तुम्ही दाखवलेल्या जागी जाडाकडून पातळाकडं हळूहळू उतार दिला. माल भरीव निघाला. बदलाच्या कागदावर 'सुचवणारा' असा रकाना होता. तिथं मी माझं नाव घातलं. रिपोर्ट मात्र तसाच राहू दिला.

हे पत्र कुठं पाठवणार? तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा बोलायला काय झालं होतं मला?

त्या बदलाबद्दल कंपनीनं प्रशस्तिपत्र दिलं, ते तुम्ही काच लावून बाहेरच्या खोलीत टांगलंत. कशाबद्दल दिलं गं, असं विचारलंतही. मी म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते, आबा."