दीड तासाचं विधवापण

प्रिय क्रांतीताई,

सप्रेम जय भीम. फोनवर हे बोलता येणार नाही. अभय दिवसभर घरीच असतो, बोलायला लागले की शेजारी येऊन बसतो, नंतर फोनही बघतो. म्हणून पत्र. वाचून झालं की फाडून टाक.

दिघ्याच्या कंपनीत वायुगळती झाली, एक कामगार गेला आणि माझा नवरा वाचला, हे तुला कळलंच आहे. पण त्या सकाळी अकराला मला फोन आला होता तो अभय गेल्याचा. वायूने भाजून चेहरा ओळखू येत नव्हता, जॅकेटच्या खिशात कार्ड अभयचं होतं. अभयचा फोन कोणी उचलत नव्हतं.

सगळ्यात आधी धावत आली ती खालच्या मजल्यावरची अरुणा. तिचा नवरा जोतीरामही त्याच कंपनीत. तिने माझे केस बांधले, साखरपाणी पाजलं, हात सोडलाच नाही. "रड संघप्रिया, मोकळी हो," म्हणत होती. मी खरंच रडले गं. पंधरा वर्षांचा संसार आहे. अभयने कधी हात उचलला नाही. फक्त माझी बालवाडीतली नोकरी सोडायला लावली, मैत्रिणी कमी केल्या, धूळ येते म्हणून खिडक्या बंद ठेवायला लावल्या. सगळं प्रेमानेच.

मग तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले. नळ सोडला आणि मनात आलं, उद्या कुठे चाललीस म्हणून कोणी विचारणार नाही. ताई, मला हसू आलं. आवरेचना. टॉवेल तोंडात कोंबला. बाहेरून अरुणा म्हणाली, "रडू दे तिला, अडवू नका." मी तिथेच बसून ठरवत होते, पुन्हा बालवाडीत अर्ज करायचा, स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. नवरा जाऊन तासही झाला नव्हता.

साडेबाराला दारात अभय उभा. मशीनचा पार्ट आणायला वाशीला गेला होता, फोन कंपनीतच राहिलेला. अरुणा आनंदाने ओरडली. मग तिनेच विचारलं, "भावोजी, तुमचं जॅकेट कुठंय?" तो म्हणाला, "जोतीरामला ताप होता, थंडी वाजत होती म्हणून त्याला दिलं." अरुणाने माझा हात सोडला. त्यानंतर मी चक्कर येऊन पडले. सगळे म्हणतात, नवरा दिसला, आनंद सोसवला नाही.

अरुणाला अजून वाटतं, तिचं दुःख कळणारी मी एकटीच आहे. रोज संध्याकाळी येऊन बसते. मला तिच्याकडे बघवत नाही.

आणि अभय पार बदललाय. "तू माझ्यासाठी एवढी रडलीस, मला माहीतच नव्हतं," म्हणतो. येईल त्याला सांगतो. नोकरी सोडली. आता तुला एक मिनिटही एकटं ठेवणार नाही, म्हणतो. भाजीला निघाले तरी चपला घालून तयार.

मंगळवारी दुपारी तो झोपला होता. छाती हलत नाहीये असं वाटलं. मी हाक मारली नाही, ताई. दाराला धरून नुसती उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग तो कुशीवर वळला. तेव्हापासून मी घाबरलेय. भीती त्याची नाही वाटत. तिथे उभी होती तिची वाटते.

म्हणून लिहितेय. शनिवारी मीच गळ घातली म्हणून तो जोतीरामच्या नुकसानभरपाईच्या कागदांसाठी अरुणाबरोबर कंपनीत जाणार आहे. तेवढ्यात मी निघेन, महाडच्या एसटीत बसेन. तो मागोमाग येईल, तुझ्या दारात रडेल, तुलाही त्याची दया येईल. तरी मला परत पाठवू नकोस. मारत नाही, पितही नाही, मग का आलीस, असं भाऊजी विचारतील. त्यांना सांग, मला जिवंत नवऱ्याला सोडून यायचंय. तो मरायची वाट बघत बसायचं नाहीये. स्टँडवर ये. तू दिसली नाहीस तर मी त्याच गाडीने परत फिरेन, मला माझा भरवसा नाही.

तुझीच,
संघप्रिया