भरल्या पानावरचे पाहुणे

आई,

आज दुपारी प्लॉटवर इतकी मजा आली की घरी येऊन आधी कागद घेतला. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही हे ठाऊक आहे, पण सांगायचं तुलाच आहे. प्लॉट म्हणजे काय, ते आधी सांगते. इथे नॉटिंगहॅममध्ये घरामागची जागा टीचभर, म्हणून कौन्सिल जमिनीचे पट्टे भाड्याने देते. त्याला अलॉटमेंट म्हणतात. लोक तिथे बटाटे, घेवडा लावतात आणि रविवारी एकमेकांच्या भाज्यांकडे चोरून बघतात. किती वर्षं थांबून मला एक पट्टा मिळाला. हॉस्पिटलच्या फार्मसीत आठवडाभर गोळ्या तपासून डोळे शिणले की मी इथे येते. माझ्याकडे मेथी येते, बटाटे येतात, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात मला न विचारता नेटल येतं. नेटल म्हणजे हात लागला की आग आग करणारं इथलं रानझुडूप. पहिल्या वर्षी मी ते शहाण्यासारखी नुसत्या हातांनी उपटायला गेले होते. पुन्हा नाही गेले.

यंदा मे महिन्यात त्या नेटलवर काळ्या अळ्यांचा घोळका दिसला. काटेरी, अंगावर बारीक पांढरे ठिपके, आणि खाण्याची घाई तर लग्नातल्या शेवटच्या पंगतीसारखी. मी वाकून बघते आहे आणि एकदम नागपूरचं आपलं स्वयंपाकघर समोर येतं. मागच्या दाराशी तुझा गोडलिंब, ज्याला पुण्याचे लोक कढीपत्ता म्हणतात. तू वरणाला फोडणी देते आहेस, मला चार पानं आणायला पाठवतेस आणि मी किंचाळत परत येते, कारण झाडभर लठ्ठ हिरव्या अळ्या. मी खराटा घेऊन त्या झटकायला निघाले तशी तू माझं मनगट धरलंस. "काहून झटकतेस? भरल्या पानावरून उठवतात का कोणाला?" मग दोन-तीन आठवडे आपल्या वरणाला नुसती जिऱ्याची फोडणी. बाबांनी एक दिवस वाटीत बोट फिरवून विचारलं, "गोडलिंब संपला का?" तू शांतपणे म्हणालीस, "आहे ना. पण सध्या तिथे जेवणं चालू आहेत." बाबा शेजारून पानं मागून आणायला निघाले तर तू त्यांनाही जाऊ दिलं नाहीस. मला हा सगळा वेडेपणा वाटायचा, आणि तरी शाळेतून आले की दप्तर न काढता मी मागच्या दाराशी पळायचे.

तर इथे अलॉटमेंटची एक कमिटी असते, आणि कमिटीतले एक आजोबा दर महिन्याला सगळे पट्टे बघत फिरतात. या गावात लहानथोर सगळ्यांना प्रेमाने 'डक' म्हणतात, तसं ते मलाही म्हणतात. मे महिन्यातल्या फेरीत मात्र कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे नेटल काढावं लागेल, डक. दोन आठवड्यांत. नाहीतर प्लॉट दुसऱ्याला द्यावा लागेल, वेटिंग लिस्ट मोठी आहे." एवढा एक पट्टाच काय तो या देशात मला माझा वाटतो. तुझी ही मुलगी इथे कोणाशी वाद घालत नाही. बसमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तरी 'सॉरी' मीच म्हणते. पण त्या दिवशी मी त्यांना हात करून बोलावलं, अळ्या दाखवल्या आणि म्हटलं, "आमच्या आईकडे जेवणाऱ्याला पानावरून उठवत नाहीत."

आजोबा गुडघ्यांचा आवाज करत खाली बसले. बराच वेळ बघत राहिले. "पीकॉक्स," ते म्हणाले. मोरपिसाच्या डोळ्यांवरून हे इथल्या एका फुलपाखराचं नाव. "लहानपणी मी यांना जॅमच्या बरणीत पाळायचो." मग विचारलं, "हाऊ लाँग डू दे नीड?" मी म्हटलं, पोट भरलं की आपणच जातील. ते हसले. "तुझी आई स्ट्रिक्ट दिसते." मी म्हटलं, फार. "बरं, त्या जाईपर्यंत राहू दे. कमिटीला मी बघतो."

जूनमध्ये अळ्या खरंच आपापल्या वाटेने गेल्या. कोष करायला त्या दूर जातात. त्यातली एक पायवाट ओलांडून समोर आजोबांच्या पट्ट्यावर, त्यांच्या ढकलगाडीच्या दांड्याखाली जाऊन लटकली. आई, त्या माणसाने ढकलगाडी वापरणं बंद केलं गं. खत बादल्यांनी वाहिलं, कंबर धरून धरून, आणि गाडीवर पाटी लावली, 'ऑक्युपाइड'. लोक थांबून हसायचे, वाकून बघायचे. आणि आज दुपारी तो कोष फुटला. आम्ही तिघं तिथेच होतो, आजोबा, मी आणि तुझी नात. ती माझ्या कानात म्हणाली, "ममा, हा फुलपाखरू अजून ओला आहे." आज मी तिचं मराठी सुधारलं नाही. त्याने सावकाश पंख उघडले. तांबडे, आणि त्यांच्यावर मोरपिसावरच्यासारखे चार डोळे. उडून ते थेट माझ्या मेथीवरून पलीकडे गेलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतला, मी डब्यातलं थालीपीठ काढलं आणि आम्ही उलट्या बादल्यांवर बसून खाल्लं. किती दिवसांनी मी इतकी मोठ्याने हसले असेन.

थालीपीठाचा दुसरा तुकडा घेताना आजोबा म्हणाले, "पुढच्या समरला तुझ्या आईला घेऊन ये, डक. तिला हे आवडेल. तिच्यासाठी नीट खुर्ची आणतो मी." लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी घास उगाच चावत बसले आणि मग म्हटलं, "हो, आणते." तू जाऊन किती वर्षं झाली, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण इतक्या काळानंतर कोणीतरी तुझी वाट बघायला लागलं होतं, आणि मला ते मोडवेना.