टाकं, टँक आणि आपल्या दारातला टँकर

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती. लग्नानंतर तुम्ही मला सोडून कधी परगावी राहिलातच नाही. आता गेलात ते असे की पत्ताच नाही. तरी लिहितेय, कारण रविवारी जावई येताहेत, मेधाला आणि बाळाला पुण्याला न्यायला. तोवर मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. मेधा म्हणते, "आई, तूही चल. घर विकून टाक. इथं पाण्यावाचून किती दिवस काढणार आहेस?"

काय सांगू तिला? ती बोलल्यापासून भाजीत मीठ घातलं की नाही तेही आठवत नाही.

घर विकायचं म्हणजे तुमचं टाकं विकायचं. बांधकामाच्या वेळी मी आणखी एक खोली मागत होते आणि तुम्ही अंगणाखाली हे थोरलं टाकं बांधून घेतलंत. सगळी कॉलनी त्याला टाकी म्हणते. तुम्ही मात्र जन्मभर इंग्रजी शिकवून या एका मराठी शब्दासाठी गवंड्याशी वाद घातलात. तो बिचारा शेवटी म्हणाला, "सर, टाकं म्हना न्हाईतर टाकी म्हना, सिमिट तेवढंच लागतंय."

वेरूळला गेलो होतो ते आठवतं? लोक लेणी बघत होते आणि तुम्ही मला कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं दाखवत होतात. "सुलभा, इंग्रजांचा टँक इथूनच गेलाय बरं का," असं म्हणालात, जणू तो तुमच्याच घरून गेला होता. मला ऊन लागत होतं. मी म्हटलं, गेला तर जाऊ द्या, आपण सावलीत जाऊ.

मग एकदा कॉलेजातून तोंड पाडून आलात. कुणीतरी सांगितलं होतं की शब्द मुळात पोर्तुगीजांचा, 'तांके', आणि त्याचा धागा अडवून धरण्याशी आहे. तुमचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी तुम्हीच तोड काढलीत. दोन शब्द दोन गावचे, इथं येऊन भेटले आणि इतकी वर्षं एकत्र राहिले की आता कोण कुणाचा ते सांगता येत नाही. मी विचारलं, याला पुरावा काय? तर माझ्याकडं बघून नुसते हसलात.

आणि मेधाचा तो बिनबाह्यांचा टॉप! मला वाटलं होतं, बाप म्हणून चार शब्द सुनावाल. तुम्ही तिला समोर बसवून सांगितलंत की पोहायच्या तलावालाही टँक म्हणायचे, तिथं घालायचे कपडे म्हणून हा टँक टॉप. पुढं रणगाड्यावर गेलात. तो गुपचूप बनवत होते म्हणून कामगारांना पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगितलं, आणि तेच नाव चिकटलं. पोरीनं कंटाळून टॉपच बदलला. रागावून जे झालं नसतं ते तुमच्या शब्दानं केलं.

या वर्षी पुन्हा पाऊस नाही. बिडकीनकडं कारखाने वाढताहेत, आपल्या मागच्या माळावर नव्या इमारती उभ्या राहताहेत, आणि नळ मात्र आठवड्यानं कधीतरी येतो. बाळाच्या दुपट्यांची रास बघितली की उरलेल्या बादल्या मोजायला लागते. तुम्ही नात बघितली नाहीत. कान अगदी तुमचे आहेत.

परवा तिला सव्वा महिना झाला. आपल्याकडं सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं पाणी पुजायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. विहीर कुठून आणू? म्हटलं, तुमचं टाकंच पुजू. पण पूजेला शिळं पाणी कसं चालेल? उद्या नळ येणार म्हणून होतं नव्हतं ते पाणी उपसून झाडांना घातलं, टाकं घासून लख्ख केलं. आणि सकाळी बातमी आली, चितेगावजवळ पाइपलाइन फुटली.

एक सांगू? क्षणभर मला बरं वाटलं. पाणी नाही म्हणजे पूजा नाही, पूजा नाही म्हणजे पोरगी जाणार नाही. तेवढ्यात बाळ रडलं आणि माझं मलाच लाजल्यासारखं झालं.

बाळाला मालिश करायला रुक्मिणबाई येतात. त्यांच्या घरी मेंढरं आहेत. रिकामं टाकं बघून त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काकू, पानीच नाय तर पुजताव काय? टँकर बलावला ना? मग त्योच पुजा. आमच्यात मेंढरामागं असलं की झरा घावला तर झरा, डबकं घावलं तर डबकं पुजतेत."

आणि खरंच टँकर पुजला हो. ड्रायव्हर घाईत होता. "मावशी, फुडं लई घरं राहिलेत, झटकन उरका," म्हणाला, पण इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि टँकरच्या तोटीवरची धूळ गळ्यातल्या रुमालानं पुसली. मेधानं तोटीला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, बाळाचं डोकं टेकवलं. मला हळूच म्हणाली, "बाबा असते तर टँकर या शब्दावर या माणसाला तासभर अडकवलं असतं." आम्ही दोघी हसलो.

टाक्यात पाणी पडायला लागलं तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "येतेस ना?"

आणि माझ्या तोंडून 'नाही' निघेना. हेच तुम्हाला सांगायचं होतं. पोरगी जाणार याची भीती मी इतके दिवस उराशी धरून बसले होते. खरी भीती आत्ता कळली. मलाच जावंसं वाटतंय. त्या लेकराला न्हाऊ घालायला, तिच्या तोंडून पहिला शब्द ऐकायला. तुमचं घर, तुमचं टाकं इथं ठेवून. रागावाल का? सांगा ना.

रविवारी मी काय उत्तर देईन ते मला अजूनही ठाऊक नाही. वचन एवढंच देते. गेलेच, तर आधी तुम्हाला सांगून जाईन. न सांगता निघून जाणं तुम्हाला जमलं. मला जमणार नाही.

तुमची,
सुलभा