चाकं नसलेलं बेट

४ सप्टेंबर
आलो एकदाचे! एर्मिओनीच्या धक्क्यावर लोक गाड्या लावून फेरीबोटीत चढत होते. स्त्रातिस माझ्या कानाशी म्हणाला, "बघ, सगळ्या इथेच राहणार." किती महिन्यांनी मी मोठ्याने हसले. बेटावर ना मोटार, ना स्कूटर. आमचं कपाट, गाद्या आणि फोतिनीची पेटी खेचरांवर लादून म्हातारा खेचरवाला लेफ्तेरिस (सारं गाव त्याला 'बार्बा', म्हणजे काका, म्हणतं) पायऱ्या चढू लागला. पेटीत काय, म्हणाला. लेकीचे कपडे, मी म्हटलं. मग लेक कधी येणार? स्त्रातिसनेच सांगितलं: पिरेअसला शाळेसमोर गाडीखाली गेली, सहा वर्षांची होती. म्हाताऱ्याने पेटीची दोरी पुन्हा एकदा आवळली. मग खेचराला म्हणाला, "हळू गं बाई, लेकरू आहे पाठीवर."

९ सप्टेंबर
स्त्रातिसला होड्या रंगवायचं काम मिळालं. दुपारी जेवायला घरी येतो. जेवणं झाली की सारं गाव झोपतं, लिंबाचं पान पडलं तरी ऐकू येईल. आज त्या शांततेत खालच्या गल्लीतून ब्रेक करकचल्याचा आवाज आला. बार्बाला विचारलं तर हसला. पोरी, या पायऱ्या चढायच्या तर गाडीला आधी पाय फुटायला हवेत, म्हणाला.

१५ सप्टेंबर
तो आवाज रोज येतो. रोज एक वळण वर. आज हॉर्नही वाजला. स्त्रातिसला नाही सांगितलं. त्याची झोप आत्ता कुठे परत आलीय.

१९ सप्टेंबर
त्यालाही ऐकू येतो! पहिल्यापासून. माझं हसू जाईल म्हणून बोलला नाही. गळ्यात पडून रडलो दोघं. तो म्हणाला, आवाजाच्या आधी कुणीतरी हसतं, तू ऐकलंस? मी नव्हतं ऐकलं. कोण हसतं, विचारलं. त्याने तोंड फिरवलं.

२० सप्टेंबर
दुपारी तो एकदम उठून धावला. "फोतिनी, मागे हो!" मी पोचले तेव्हा पायऱ्यांवर पडला होता. डॉक्टर म्हणतात, घसरला. सगळ्या फासळ्या — घसरून? सदऱ्यावर टायरचा काळा पट्टा. बार्बानेही पाहिला. छातीवर क्रुसाची खूण केली त्याने.

२३ सप्टेंबर
मातीआड केला. बार्बा म्हणतो, पोरी, उद्याच्या बोटीने आईकडे जा. सामान मी उतरवतो. बरं म्हटलं. कुणासाठी राहू?

२४ सप्टेंबर
बोट अजून आलेली नाही. दुपार. आता मलाही ऐकू येतंय हसणं. दोघांचं. दारातच आहेत — तिने त्याचं बोट धरलंय — किती दिवसांनी —

खालून गाडी. ब्रेक नाही. या वेळी ब्रेक लावतच नाहीये — त्यांची पाठ आहे तिकडे — हाक मारतेय, वळत नाहीत —

दार उघडलंय. मी पोचेन. या वेळी मी त्यांच्या आधी —