संपतच्या काजळीचा बुक्का

आष्टी, माघ वद्य अमावास्या, २००५

तीर्थरूप चांगुणाक्कास धाकट्या कौसल्येचा वाकून नमस्कार.

कंडक्टरच्या हाती दिलेलं सगळं पोचलं. तूरडाळ दोन किलो, शेवया, दाजींचा जुना स्वेटर. कंडक्टरला चहापाणी पाच रुपये, हमालाला दोन. (डाळ इथं स्वस्त पडली असती, पण तुझी माया.) तुझा गुडघा कसा आहे? माझं बरं आहे. पोटातली जळजळ सोडली तर देवाची दया.

जळजळीचं कारण आमच्या थोरल्या जाऊबाई, पुष्पाबाई. त्यांचा संपत औरंगाबादच्या कॉलेजात संशोधन करून राह्यलाय. काजळीच्या जातीच्या कार्बनच्या नळ्या असतात म्हणे, केसाहून हजारो पट बारीक. त्या घातलेली वडी तेलात बुडवायची आणि विजेच्या ठिणग्यांनी तिला भोकं पाडायची. आता माझा सर्जेराव जालन्याच्या कारखान्यात इतकी वर्षं दुसरं काय करतो? तीच ठिणगी, तेच तेल! पण यानं लोखंडाला भोकं पाडली तर कामगार, त्यानं काजळीला पाडली तर शास्त्रज्ञ. त्याचा निबंध कुठंसा निवडला गेला म्हणून एकादशीला त्यांच्या घरी भजन. (सर्जेरावाला बढती मिळाली तेव्हा मी नुसता नारळ फोडला.)

भजनात सगळ्यांना बुक्का लावायचा मान पहिल्यापासून माझा. संपतच्या त्या वडीची ठिणग्यांनी झडलेली काळी पूड पुष्पाबाईंनी आशीर्वादासाठी चांदीच्या डबीत घालून देवापुढं ठेवलेली, हे मला कुणी सांगावं? मी डबी उचलली आणि नाम घेत ओळीनं बायांच्या कपाळाला लावत गेले. वास बिलकुल न्हाई. म्हटलं, डबी चांदीची आणि बुक्का मात्र स्वस्तातला आणला.

संपत बाहेरून आला तो ओरडतच, "काकू, हात थांबवा! माझं सहा महिन्यांचं काम फासलं तुम्ही!"

"मुद्दाम केलं हिनं," पुष्पाबाई म्हणाल्या. "जळती ही माझ्या लेकरावर."

मी? पांडुरंग साक्षी आहे. संपत म्हणाला, पूड अंगाला बरी न्हाई, साबणानं धुवा. पण आधी ओल्या कापसानं एकेकीचं कपाळ पुसून तो कापूस बाटलीत भरू लागला. बायांना वाटलं, कॉलेजातली काही रीत असंल. साळूबाईनं त्याच्या पाया पडून अकरा रुपये हातावर ठेवले, मंग बाकीच्यांनीही. बुक्का लावला मी, दक्षिणा त्याला! मला आजवर कुणी सुपारी दिली न्हाई.

असो. दाजींना नमस्कार.

तुझी, कौसल्या

ता. क. तुमच्या वडीगोद्रीची नंदाबाईही आल्ती, संपतला लेक द्यायच्या विचारानं. पोरगी आपल्या सर्जेरावाला फार शोभेल. तू सहज बोलून बघ. ठिणग्यांच्या कामात आहे, एवढंच सांग. खोटं न्हाई त्यात.

आणखी ता. क. नंदाबाई संपत यायच्या आधीच एसटी धरून गेल्ती. आता तिचा निरोप आलाय: "कौसल्याबाईच्या हाताला गुण आहे, बुक्का लावला आणि अर्धशिशी थांबली." कपाळाला पाणी लागू देत न्हाई म्हणे. न सांगितलं तर पाप माझ्या माथी. तेव्हा तिला कपाळ साबणानं धुवायला सांग. पण आधी सर्जेरावाचं बोल, मंग साबणाचं. ती हो म्हणाली की धुवायला लाव, आणि धुतल्यावरही हो म्हणून राह्यली का, तेवढं उलट टपाली कळव.